गुरुवारी गाडीत पावेल जे म्हणाला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वैशालीला — माझ्या बायकोला — सुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी एरवी साधी दातदुखीही लपवू शकत नाही. लिहायचं ठरवल्यावरही तीन-चार दिवस नुसता टेबलाशी बसून उठलो. कुठून सुरुवात करायची? माणसं अशा वेळी म्हणतात, परिस्थितीच तशी होती. तशी काही नव्हती. तेव्हा आधी सरळ सांगतो: एक फुटबॉल खेळाडू होता, झेक, मिडफिल्डर. त्याचं खेळणं संपलं त्यात माझा हात आहे, आणि ते कसं संपलं याबद्दल मी खोटं बोललो.

एवढंच. पण एवढंच लिहून थांबलो तर ते पुन्हा लपवल्यासारखंच होईल — नाही का?

मी मूळचा नागपूरचा, फिजिओथेरपिस्ट. तिथे सोळा वर्षं प्रॅक्टिस केली आणि चाळिशी ओलांडून कॅनडात आलो. इथे लायसन्ससाठी दोन परीक्षा असतात. लेखी पहिल्या फटक्यात पास झालो, प्रॅक्टिकलला दोनदा नापास. म्हणून दिवसा मिसिसागातल्या एका क्लिनिकमध्ये असिस्टंट होतो — लोकांच्या पाठीवर हीट पॅक ठेवायचे, टॉवेलच्या घड्या घालायच्या. संध्याकाळी आणि शनिवारी हॅमिल्टनजवळच्या एका लहानशा फुटबॉल क्लबात ट्रेनर. क्लबचं नाव सांगत नाही. खेळाडू मला ‘डॉक’ म्हणायचे. मी डॉक्टर नाही, हे पहिल्या दिवशी मी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा नाही सांगितलं.

पावेल आला २०१६च्या मार्चमध्ये. वय बत्तीस. ओस्त्रावाजवळच्या खाणीच्या गावातला. हॅमिल्टनला स्टीलच्या कारखान्यांवरून वारा आला की तो नाक वर करून म्हणायचा, घरचा वास. त्याची सगळी कारकीर्द मला तोंडपाठ आहे, कारण ती त्याने मला गाडीत सांगितली, तुकड्या-तुकड्यांनी. आठव्या वर्षी खाणकामगारांच्या क्लबात. एकोणिसाव्या वर्षी पहिल्या डिव्हिजनला, तिथे वर्षभर बेंचवर. मग गुडघा. मग दुसऱ्या डिव्हिजनला चार सीझन, पुढे स्लोव्हाकिया, पोलंड, सायप्रसला एक हिवाळा, आणि शेवटी आम्ही. देशाच्या संघातून तो कधीच खेळला नाही. एकवीस वर्षांखालच्या संघाच्या शिबिराला एकदा बोलावणं आलं होतं, तीन दिवसांचं. त्या शिबिराची ट्रॅकपँट तो अजून घालायचा. गुडघ्यावर पार विटली होती.

त्याची जागा बचावफळीच्या पुढे. मागून बॉल घ्यायचा, पुढे द्यायचा. ज्याचं नाव कुठे छापून येत नाही, पण तो नसला की टीम विस्कटते, तसला खेळाडू. त्याची एक लकब होती. बॉल पायाशी यायच्या आधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचा — डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे — रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखा. लहानपणी त्याचा कोच पाठीमागे उभा राहून बोटं दाखवायचा, आणि किती बोटं ते सांगितल्याशिवाय बॉलला पाय लावू द्यायचा नाही. ते अंगात मुरलं होतं. मैदानाच्या कडेला बसून मी त्याची मान बघत असे. इतरांचे पाय बघायचो, याची मान.

हे सांगतोय ते उगाच नाही.

पोलंडमध्ये असताना पायाचं बोट मोडलेलं असूनही तो दोन महिने खेळला होता आणि कुणाला बोलला नव्हता. हेही त्यानेच मला सांगितलं, हसत. हेसुद्धा उगाच नाही सांगत.

सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खेळाडूची एक टेस्ट घ्यायची असते. डोक्याला धक्का बसून मेंदू हलतो, त्याला इथे कन्कशन म्हणतात. ते ओळखायचं तर आधी डोकं धड असतानाचे मार्क लिहून ठेवायला लागतात. पाच शब्द ऐकवायचे, ते म्हणून घ्यायचे, थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. आकडे उलटे म्हणायचे. वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायचे. एका पायावर उभं राहायचं. पुढे मार बसला की हीच टेस्ट पुन्हा, आणि दोन्ही मार्क शेजारी ठेवून बघायचे.

एप्रिलच्या एका संध्याकाळी मी बावीस जणांची टेस्ट घेतली. पावेलला तेव्हा इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. त्याच्या भाषेत महिन्यांची नावं आपल्या चैत्र-वैशाखासारखी वेगळीच आहेत; जानेवारी-फेब्रुवारीशी त्यांचा काही संबंध नाही. तो डिसेंबर म्हणाला, नोव्हेंबर म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. पाच शब्दांतले दोन आले. ही टेस्ट माणसाच्या स्वतःच्या भाषेत घ्यायची असते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. क्लबच्या कँटीनमध्ये एक म्हातारी झेक बाई बसायची, तिला हाक मारली असती तरी झालं असतं. पण बावीस जण होते, आणि मला परतीची गर्दी चुकवायची होती. मी आलेले मार्क लिहिले आणि पुढच्याला बोलावलं.

ही पहिली चूक. हिला मी आळस म्हणतो. पुढचीला आळस म्हणता येणार नाही.

पावेलकडे गाडी नव्हती. तो क्लबपासून दहा मिनिटांवर एका बेसमेंटमध्ये राहायचा. प्रॅक्टिसनंतर मी त्याला सोडायला लागलो आणि हळूहळू तो रविवारी आमच्या घरी जेवायला यायला लागला. वैशालीच्या थालीपिठावर त्याचा जीव. त्यांच्याकडे बटाट्याचं असंच काहीतरी करतात म्हणे. “बघा, न बोलता ताट स्वच्छ करतो,” वैशाली मला म्हणायची, “नाहीतर तुम्ही! आधी मिठावर भाषण, मग घास.” आमची अन्वी तेव्हा दुसरीत होती. तिला एक हक्काचा विद्यार्थी मिळाला. फ्रिजवरचं कॅलेंडर काढून तिने त्याला महिने शिकवले, आधी सरळ आणि मग, त्याने टेस्टमधली फजिती सांगितल्यावर, उलटे. “पावेल, यू फरगॉट ऑगस्ट अगेन!” असं ती ओरडायची आणि तो डोक्यावर हात मारून घ्यायचा. जूनअखेरीस तो उलटे महिने एका दमात म्हणायचा, थालीपीठ तोंडात असताना.

मी समोर बसलेलो असायचो.

ऑगस्टच्या एका शनिवारी हेडर घेताना पावेलचं आणि समोरच्या खेळाडूचं डोकं आपटलं. तो उठला, तोंड धुतलं, बाहेर बसला. पुढच्या शनिवारी आमची सेमीफायनल होती. आमच्यासारख्या क्लबला सेमीफायनल म्हणजे काय, ते मी सांगत बसत नाही. शिवाय त्या हिवाळ्यात क्लब एक इनडोअर सेंटर सुरू करणार होता आणि तिथे एक पूर्ण वेळेची जागा निघणार होती. ती कुणाला द्यायची हे कोच ठरवणार होता. कोचने मला तसं सरळ कधी म्हटलं नाही. तो चांगला माणूस होता, पोर्तुगीज बापाचा पोरगा, आवाज मोठा, मन साफ. त्याने मला काही करायला लावलं नाही. हे मुद्दाम लिहितो.

गुरुवारी प्रॅक्टिसच्या आधी मी पावेलची टेस्ट घेतली. पाच शब्दांतले दोन आले. महिने उलटे म्हणताना तो ऑक्टोबरवर अडकला, थांबला, पुन्हा डिसेंबरपासून सुरू केलं, पुन्हा अडकला. मी एप्रिलचा कागद काढून शेजारी ठेवला.

मार्क जवळजवळ सारखेच होते.

तुमच्या लक्षात आलं ना? कागदावर त्याचं डोकं एप्रिलइतकंच धड होतं. पण एप्रिलमध्ये त्याला भाषा येत नव्हती, आणि आता जे येत होतं ते आठवत नव्हतं. हा फरक कोणत्याही फॉर्मवर नव्हता. तो फक्त मला ठाऊक होता — मला आणि दुसरीतल्या एका मुलीला.

कोच दारातून डोकावला. “काय श्री, आपला माणूस बरा आहे ना?”

मी म्हणालो, “मार्क सारखे आहेत.”

बघा, यात एक शब्द खोटा नाही. मी त्या वाक्यावर तेव्हा खूशही झालो होतो.

मग प्रॅक्टिसला त्याला हलकंच खेळायला दिलं, आणि मी कडेला बसून त्याची मान बघितली. बॉल आला, त्याने घेतला, दिला. पुन्हा आला, घेतला, दिला. एकदाही त्याने खांद्यावरून मागे बघितलं नाही. बावीस-चोवीस वर्षांची सवय, आणि मान जागची हलली नाही. मान वळवली की माणसाला गरगरतं, म्हणून तो वळवत नाही; हे नागपूरला पहिल्या वर्षाच्या मुलानेही सांगितलं असतं.

नंतर मी त्याला सोडायला निघालो. ऑगस्टचं ऊन अजून होतं. त्याने डोळ्यांवर हात धरला होता. तो जे बोलला ते त्याच्या मोडक्या इंग्रजीत. मी मराठीत लिहितो, पण अर्थ बदलत नाही. तो म्हणाला, “डॉक, शनिवारपासून डोक्यावर घट्ट टोपी घातल्यासारखं वाटतंय. आणि मान वळवली की रस्ता थोडा उशिरा वळतो.”

मी ब्रेक दाबला. सिग्नल होता.

मग तो म्हणाला, “एक मॅच बसलो तरी मला चालेल. तू ठरव. तू म्हणशील तसं.”

पुढचं वाक्य मला लिहवत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, “तुझी टेस्ट ठीक आहे, पावेल. थकवा असेल. तू खेळू शकतोस.”

“ओके, डॉक,” तो म्हणाला. लगेच. त्याला हायसं वाटलं, हे मला दिसलं. पोलंडमध्ये मोडकं बोट लपवणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं, आणि ज्याला सांगितलं तो म्हणाला, काही नाही.

शुक्रवारी मी फॉर्म भरला. ‘लक्षणं’ या रकान्यात लिहिलं: काही नाही. क्लबचे डॉक्टर फक्त सामन्याच्या दिवशी यायचे आणि मी भरलेल्या कागदावर सही करायचे. त्यांनी ती केली.

शनिवारी दुसऱ्या हाफमध्ये एक बॉल त्याच्या डोक्याच्या बाजूला लागला. जोरातही नव्हता. तो मागून आला होता. नेहमीसारखं मागे बघितलं असतं तर त्याने तो सहज चुकवला असता. तो गवतावर बसला — पडला नाही, बसला, एखादा माणूस दमून पायरीवर बसतो तसा. मी धावत गेलो. तो माझ्याशी झेकमध्ये बोलायला लागला. मग उलटी झाली.

पुढच्या महिन्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचं भांडवल करायचा मला हक्क नाही. उजेड सहन होईना. आवाज सहन होईना. पायऱ्या उतरताना भिंत धरायला लागायची. चार ओळी वाचल्या की डोकं दुखायचं. हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी हिवाळ्यात त्याला सांगितलं की यापुढे फुटबॉल नाही. सेमीफायनल आम्ही जिंकलो होतो.

पण मला जे मुख्य सांगायचं आहे ते याच्यानंतरचं आहे. इथपर्यंतचं कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. भित्रेपणा माणूस कबूल करतो.

त्या मॅचनंतर दहाएक दिवसांनी वैशालीने डबा दिला आणि मी त्याच्या बेसमेंटमध्ये गेलो. खिडकीला त्याने ब्लँकेट लावलं होतं. तो अंधारात पाठ टेकून बसला होता, पायांत तीच ट्रॅकपँट. त्याला गुरुवारपासून रविवारपर्यंतचं काहीच आठवत नव्हतं. मॅच नाही, गाडी नाही. त्याने थोडं खाल्लं. मग हळू आवाजात, शब्द जुळवत, विचारलं, “डॉक, मला त्रास होत होता का त्या आठवड्यात? मी तुला काही बोललो होतो?”

मला वेळ होता. अंधार होता. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. खरं सांगायला याहून सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती.

मी म्हणालो, “नाही.”

त्याने डबा बाजूला ठेवला. मग म्हणाला, “हो. मी असाच आहे. पोलंडमध्येही लपवलं होतं.” आणि मग — मी हे शब्द त्याचेच लिहितो — “सॉरी, डॉक. माझ्यामुळे तुला त्रास.”

मी म्हणालो, “अरे, असू दे.”

मी त्याला माफ केलं. कळतंय तुम्हाला? मी.

पुढे क्लबच्या तीन जणांच्या कमिटीने मला बोलावलं. टेबलावर कॉफी होती, डोनटचा डबा होता. त्यांनी विचारलं, खेळाडूने तुमच्याकडे काही तक्रार केली होती का? मी नाही म्हणालो. एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलायला काही लागत नाही. त्यांनी अहवालात लिहिलं की खेळाडूने लक्षणं लपवली. पावेलला ते वाचून दाखवण्यात आलं. त्याने मान हलवली म्हणे. अगदी सावकाश हलवली असेल.

हिवाळ्यात ती जागा मला मिळाली. पुढच्या वर्षी तिसऱ्या प्रयत्नात प्रॅक्टिकलही पास झालो. त्या परीक्षेत एका टेबलाशी डोक्याला मार बसलेल्या माणसाचं सोंग घेतलेला एक नट होता, आणि परीक्षकाने विचारलं, टेस्ट घेताना काय काळजी घ्याल? मी म्हणालो, पेशंटच्या मातृभाषेत घेईन. त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. आता माझ्या नावाची पाटी आहे. नवीन पोरांना मी हीच टेस्ट शिकवतो. चांगली शिकवतो.

मायदेशी परत जायच्या आधी पावेल शेवटचा आमच्याकडे जेवला. मी वैशालीला टीव्ही बंद करायला सांगणार होतो, पण तिने तो आधीच केला होता. अन्वीने त्याला महिने विचारले नाहीत. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच कळलं असावं. तो गेल्यावर वैशाली भांडी घासता घासता म्हणाली, “पोराने एक शब्द तुम्हाला सांगितला असता तर? तुम्ही काय त्याला खेळू दिलं असतं?” तिने ते माझी बाजू घेऊन म्हटलं होतं. मी भांडी पुसत राहिलो.

आता तो त्याच्या गावी आहे. त्याच जुन्या क्लबात मुलांना शिकवतो, थोडा वेळ, उन्हं उतरल्यावर. गेल्या ख्रिसमसला त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. दहा-बारा मुलं गवतावर बसली आहेत आणि तो उभा राहून बोलतोय, झेकमध्ये. मला त्यातलं काही कळेना. त्याने खाली इंग्रजीत लिहिलं होतं की दरवर्षी सीझनच्या आधी मी मुलांना माझी गोष्ट सांगतो: मी कॅनडात डोक्याचा त्रास लपवला, एका चांगल्या माणसापासून लपवला, आणि माझं खेळणं संपलं. तुम्ही लपवू नका. तुमच्या डॉकला सांगा.

मी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

तो व्हिडिओ मी बऱ्याचदा बघितला आहे. आवाज बंद करून. तो काय बोलतो ते मला माहीत आहे, आणि ती मुलं त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात — चुकलेल्या माणसाकडे बघतात तसं, थोडं घाबरून, थोडं दयेने — ती नजर खरं तर माझ्या वाट्याची आहे. ती त्याच्या वाट्याला मी लावली. तो ती दर वर्षी नव्या मुलांकडून घेतो.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. त्याच्याकडे दुपार असते तेव्हा इथे सकाळ असते, आणि माझी सकाळ बहुतेक मोकळी असते. तेव्हा वेळ मिळाला नाही असंही मला म्हणता येत नाही.

पावेलने काही लपवलं नव्हतं. गुरुवारी त्याने मला सगळं सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं होतं. हे त्याला सांगणं माझ्याकडे बाकी आहे. अजून मी सांगितलेलं नाही.